लाळग्रंथीची स्लाइड नलिकेपासून वाचावी

अभिस्तराची वाढ खालच्या संयोजी ऊतीत उतरते, तिला फाटे फुटतात, फाट्यांच्या टोकांशी स्राव तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके धरतात आणि उतरण्याची वाट नलिकेच्या रूपाने उघडी राहते. अशी बहिःस्रावी ग्रंथी तयार होते. वाट बुजली की थायरॉइडसारखी अंतःस्रावी ग्रंथी उरते. म्हणजे नलिका हीच या ग्रंथींची ओळख. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली नजर आधी वळते ती ॲसायनसकडे, कारण पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात विचारला जाणारा प्रश्न ‘सिरस की म्यूकस’ हाच असतो. परीक्षेपुरता तो ठीक आहे. रोजच्या रिपोर्टिंगमध्ये मात्र लाळग्रंथीच्या स्लाइडवर तो पहिला प्रश्न नसावा.

ग्रंथींची नेहमीची वर्गवारी साधी-संयुक्त, नळीदार-पिशवीदार आणि मेरोक्राइन-अपोक्राइन-होलोक्राइन अशी आहे. ती सर्वांना पाठ असते, म्हणून तिचा विस्तार इथे नको. प्रत्यक्षात ती काटेकोर नाही, एवढे नोंदवले की पुरे. दुधातले केसीन मेरोक्राइन पद्धतीने बाहेर पडते, तर त्याच पेशीतला स्निग्धांश पेशीपटलाचे आवरण घेऊन अपोक्राइन पद्धतीने. लाळग्रंथींमध्ये हा पेच नाही. त्या संयुक्त, ट्यूब्युलो-ॲसायनर आणि मेरोक्राइन आहेत. मोठ्या तीन जोड्या आणि तोंडाच्या अस्तराखाली विखुरलेल्या सहाशे ते हजार लहान ग्रंथी मिळून दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ देतात.

प्रौढाची पॅरोटिड जवळजवळ संपूर्ण सिरस असते, सबमँडिब्युलर मिश्र पण सिरसकडे झुकलेली आणि सबलिंग्वल मिश्र पण म्यूकसकडे झुकलेली. टाळूच्या मागच्या भागातल्या लहान ग्रंथी निव्वळ म्यूकस असतात, तर जिभेच्या सर्कमव्हॅलेट पॅपिलांभोवतीच्या व्हॉन एबनरच्या ग्रंथी निव्वळ सिरस. सिरस पेशीचे केंद्रक गोल असते, तळाचा भाग निळसर आणि वरचा भाग झायमोजेन कणांनी गुलाबी दिसतो. म्यूकस पेशीचे केंद्रक तळाशी चपटे दाबलेले असते आणि पेशीद्रव्य फिकट, फेसाळ दिसते. मिश्र ॲसायनसवर चंद्रकोरीसारखी बसलेली सिरस पेशींची टोपी, म्हणजे डेमिल्यून, प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. जिआनुझी यांनी १८६५ मध्ये तिचे वर्णन केले तेव्हापासून ती परीक्षकांची लाडकी. मात्र ऊती झटपट गोठवून केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी अभ्यासांत या सिरस पेशी म्यूकस पेशींच्या शेजारी, एकाच पोकळीभोवती रांगेत उभ्या दिसल्या. नेहमीच्या फिक्सेशनमध्ये म्यूकस पेशी फुगतात आणि सिरस शेजाऱ्यांना परिघाकडे ढकलतात. डेमिल्यून दिसते हे खरे, पण तिच्या आकाराचे बरेचसे श्रेय फॉर्मॅलिनला द्यावे लागते.

नलिकांचा इतिहास याहून जुना आहे. व्हार्टन यांनी सबमँडिब्युलरची नलिका १६५६ च्या ग्रंथात वर्णिली आणि स्टेनसन यांना पॅरोटिडची नलिका १६६० मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना सापडली. पेशी ही कल्पनाच तेव्हा नव्हती. ॲसायनसचा उलगडा व्हायला आणखी दोन शतके जावी लागली.

ॲसायनसमधून निघणारी इंटरकॅलेटेड नलिका बुटक्या घनाकार पेशींची, अरुंद आणि सहज नजरेतून सुटणारी असते. पॅरोटिडमध्ये ती लांब असते. पुढची स्ट्रायेटेड नलिका मात्र लोब्यूलच्या मध्यातच ठळक गुलाबी दिसते आणि सबमँडिब्युलरमध्ये तिची लांबी सर्वांत जास्त भरते. तिच्या पेशींच्या तळाशी पेशीपटलाच्या खोल घड्या असतात आणि घड्यांमधून उभ्या रांगांत मायटोकाँड्रिया असतात. उभ्या रेघा दिसतात त्या यामुळेच. ॲसायनसमध्ये तयार होणारा प्राथमिक स्राव क्षारांच्या बाबतीत रक्तद्रवाच्या तोडीचा असतो. स्ट्रायेटेड नलिका त्यातले सोडियम आणि क्लोराइड परत खेचते, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट आत सोडते आणि पाण्याला फारसे ओलांडू देत नाही. म्हणून तोंडात येणारी लाळ पातळ क्षारांची असते. लाळेचा प्रवाह वाढला की हे काम करायला वेळ कमी मिळतो आणि लाळेतले सोडियम वाढते. लहान ग्रंथींमध्ये स्ट्रायेटेड नलिका जेमतेम असतात, त्यामुळे त्यांच्या स्रावात सोडियम तुलनेने जास्त राहते.

प्राथमिक स्राव तयार होताना ॲसायनस पेशीच्या वरच्या टोकाशी क्लोराइड बाहेर सोडणारे प्रथिन टीएमईएम१६ए हे आहे. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या टेबलावर हेच डॉग-वन या नावाने ओळखीचे आहे. गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमरसाठी मागवलेली ही अँटिबॉडी निरोगी सिरस ॲसायनस आणि इंटरकॅलेटेड नलिकांच्या पोकळीकडच्या काठाला रेखीव रंगवते आणि ॲसिनिक सेल कार्सिनोमामध्येही उजळते. २०१० मध्ये स्वतंत्र अर्बुद म्हणून वेगळा काढलेला सिक्रेटरी कार्सिनोमा त्याआधी बहुधा ॲसिनिक सेल कार्सिनोमा म्हणूनच नोंदवला जाई. त्यात झायमोजेन कण नसतात, डॉग-वन सहसा नकारात्मक असते आणि ईटीव्ही६-एनटीआरके३ हा जनुक-संयोग सापडतो. ॲसायनसच्या बाह्य रूपावर विसंबण्याची किंमत किती, हे त्या जुन्या निदानांवरून कळते.

ॲसायनस आणि इंटरकॅलेटेड नलिका यांच्या बाहेर, पण बेसल लॅमिनाच्या आत, मायोएपिथेलियल पेशी हात पसरून बसलेल्या असतात. साध्या रंगात त्यांचे चपटे केंद्रक तेवढे दिसते. स्मूथ मसल ॲक्टिन, कॅल्पोनिन किंवा पी६३ लावल्यावर त्यांचा विस्तार ध्यानात येतो. त्या आकुंचन पावून स्राव पुढे ढकलतात आणि भरलेल्या ॲसायनसला आधार देतात. निदान करणाऱ्यासाठी त्यांचे महत्त्व याहून मोठे आहे. प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाचे बहुरूप आणि ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाची चाळणी, दोन्ही आतल्या नलिका-पेशी आणि बाहेरच्या मायोएपिथेलियल पेशी अशा दुपदरी रचनेतून उभे राहतात. स्तनाच्या ऊतीत याच बाहेरच्या थराचे असणे-नसणे इन-सिटू आणि आक्रमक कर्करोग यांतला फरक ठरवते.

तुकड्यावर नाव लिहिलेले नसेल तर नलिकाच मदतीला येते. स्वादुपिंडाचे सिरस ॲसायनस पॅरोटिडशी मिळतेजुळते असतात, पण तिथे स्ट्रायेटेड नलिका नाहीत, मायोएपिथेलियल पेशी नाहीत आणि ॲसायनसच्या मध्यात सेंट्रोॲसिनर पेशींची फिकट केंद्रके दिसतात. अश्रुग्रंथीत मायोएपिथेलियल पेशी आहेत, स्ट्रायेटेड नलिका नाहीत. पॅरोटिडमध्ये चरबी वयाबरोबर वाढते आणि आत लसिका गाठीही असतात. त्या दिसल्या म्हणून मेटास्टॅसिसची शंका घेऊ नये.

टाळूवरची नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेसिया ही या सगळ्याची कसोटी. १९७३ मध्ये वर्णन झालेल्या या विकारात रक्तपुरवठा तुटून ॲसायनस मरतात आणि नलिकांचे अस्तर स्क्वॅमस होते. व्रण पाहून आणि स्क्वॅमस पेशींची बेटे पाहून कर्करोगाचे निदान होण्याचा, पुढे विनाकारण शस्त्रक्रियेचा धोका असतो. लोब्यूलची मूळ मांडणी टिकून आहे आणि बेटांच्या कडा गुळगुळीत आहेत हे पाहिले, तर हा प्रकार आपोआप बऱ्या होणाऱ्या नलिकांचा आहे हे समजते. बायोप्सी उथळ आणि चुरगळलेली आली असेल, तर ही मांडणी दिसतच नाही. तेव्हा ठाम निदान न देता खोल बायोप्सी मागणेच योग्य.

शोग्रेन सिंड्रोमसाठी ओठाच्या आतल्या लहान ग्रंथींची बायोप्सी घेतात. इथेही मोजणी नलिकेभोवती होते. पन्नास किंवा अधिक लिंफोसाइटचा पुंजका म्हणजे एक फोकस, आणि दर ४ चौरस मिलिमीटर ग्रंथीऊतीत असे किती, तो फोकस स्कोअर. २०१६ च्या वर्गीकरण निकषांत १ किंवा अधिक स्कोअरला ३ गुण आहेत आणि एकूण ४ गुणांवर रुग्ण त्या गटात बसतो, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या एका आकड्यावर बरेच अवलंबून आहे. पुंजक्याशेजारचे ॲसायनस निरोगी असावे लागतात. नलिका रुंदावल्या आहेत, फायब्रोसिस आणि ॲसायनसची झीज आहे, अशा भागातला दाह अविशिष्ट समजून स्कोअरमधून वगळावा लागतो. ग्रंथीऊतीचे क्षेत्र निदान ८ चौरस मिलिमीटर असावे. रिपोर्टमध्ये क्षेत्रफळ न लिहिता नुसता स्कोअर देणे अपुरे आहे.

डोके-मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्या ग्रंथी महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांना नव्या नाहीत. तंबाखू आणि गुटख्याचे ओझे त्यामागे आहे. सिरस पेशी क्वचितच विभाजित होतात, तरी किरणोत्सर्गाला त्या विलक्षण हळव्या असतात. म्हणून पॅरोटिड किरणांच्या वाटेत आली की लाळ उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात आटू लागते. म्यूकस पेशी जास्त तग धरतात आणि उरलेली लाळ दाट, चिकट होते. काही महिन्यांनंतर काढलेल्या सबमँडिब्युलरमध्ये ॲसायनस जवळपास नाहीसे झालेले, फायब्रोसिस आणि त्यात नलिकांचे घोळके उरलेले दिसतात. या नलिकांच्या केंद्रकांत विकृती असू शकते. लोब्यूलची आखणी शाबूत असेल तर त्यांना अर्बुद म्हणू नये. रेफरल फॉर्मवर किरणोपचाराचा उल्लेख नसेल, तर तो फोन करून विचारावा.