मैत्रीतला 'तू'

मराठी समीक्षेत 'मैत्री' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कट्टा, टपरीवरचा चहा, रात्रीची जागरणे आणि अखेरीस एखाद्याचा मृत्यू, एवढी सामग्री जमली की कलाकृती मैत्रीवरची ठरते. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'ची आणि तिच्यावरच्या २०१३ च्या चित्रपटाची लोकप्रियता आम्हांला मान्य आहे. आमचे भांडण त्या लेखकाशी नाही. ते मैत्रीकडे केवळ भावना म्हणून पाहायला शिकवणाऱ्यांशी, म्हणजे स्वतःशीच आहे.

उजनी जलाशयाच्या काठच्या गावांतून येणाऱ्या मुलांना आम्ही मराठी शिकवतो. मागे भाषांतराच्या तासिकेसाठी विल्यम वायलरचा 'फ्रेंडली पर्सुएशन' (१९५६) दाखवला. जेसमिन वेस्ट या क्वेकर घरातल्या लेखिकेच्या १९४५ च्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातले इंडियानातले हे क्वेकर कुटुंब एकमेकांना 'दी' म्हणते. एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर 'आपण' असे केले. शब्द जुना, म्हणून भारदस्त! आम्हीही मान डोलावली. ते चुकले.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्सच्या प्रेरणेने इंग्लंडात उभ्या राहिलेल्या या पंथाने स्वतःला 'मित्र' म्हणवून घेतले. त्या काळी इंग्रजीत वरच्याला 'यू' आणि खालच्याला किंवा जवळच्याला 'दाऊ' म्हणण्याचा रिवाज होता. या मंडळींनी न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हटले, त्याच्यापुढे टोपी काढली नाही आणि त्यापायी हालअपेष्टा सोसल्या. 'दाऊ' आणि 'दी' ही एकाच सर्वनामाची रूपे. म्हणजे तो 'आपण' नव्हे, 'तू' आहे, आणि तोही सरकारदरबारी उच्चारलेला. पुढे ही केवळ पंथाची बोलण्याची लकब उरली हे खरे. पण तिचा उगम समतेत होता. इथे मैत्री ही व्याकरणात उतरलेली शिस्त आहे.

ही शिस्त किती महाग पडते, हेही तो चित्रपट सांगतो. जेसचा जिवलग शेजारी सॅम परपंथीय आहे. शत्रूपक्षाचा सैनिक सॅमला गोळी घालतो, आणि तो सैनिक हाती सापडल्यावर जेस त्याला सोडून देतो. मित्राच्या मारेकऱ्याला सोडणारा मित्र आमच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? याउलट 'हाय नून' (१९५२) पाहा. गावातले झाडून सारे स्नेही मार्शलला एकटे टाकतात आणि अखेर त्याची क्वेकर पत्नी एमी बंदूक उचलते. समीक्षक याला प्रेमाचा विजय म्हणतात. आमच्या मते तो गावाच्या मैत्रीचा पराभव आहे. त्याची किंमत एमीने आपल्या श्रद्धेने चुकवली.

'क्वेकर आमचे कोण लागतात?' असा प्रश्न येईलच. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिकेने सेवाग्रामात नयी तालीमचे काम केले. १९३० साली गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयपर्यंत नेणारा रेजिनाल्ड रेनल्ड्स हा क्वेकर तरुण होता. पण नातेसंबंधांची ही यादी दुय्यम आहे. खरे उत्तर जॉन वुलमनच्या रोजनिशीत आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर, १७७४ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतले क्वेकरही गुलाम बाळगत. वुलमन त्यांच्या दारी जाई, गुलामगिरी चूक आहे असे तोंडावर सांगे आणि त्या घरच्या गुलामांनी केलेल्या सेवेचा मोबदला देऊ पाही. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगण्यास मनाई केली. मित्राचे पाप झाकणारी यारी आणि मित्राला अडचणीचा प्रश्न विचारणारी मैत्री, या दोहोंतला फरक आम्ही वर्गात कधी शिकवला?

आमच्याकडे तर 'तू' आणि 'तुम्ही' अजून जिवंत आहेत. उजनीच्या भिंतीआडून सुटलेले भीमेचे पाणी खाली पंढरपुरास जाते. तिथे भक्त विठ्ठलाला 'तू' म्हणतो, वारकरी परस्परांच्या पाया पडतात. आणि तरीही दलितांना त्या मंदिराचे दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवाला म्हटलेला 'तू' माणसापर्यंत पोचला नव्हता.

आज तरी पोचला आहे काय? १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाने जुनी गावठाणे बुडवली. माणसे नव्या गावठाणात आली, सर्वनामे मात्र जुनीच राहिली. होडीत सगळे एकाच फळीवर बसतात. काठावर उतरले की बागायतदाराचा पोरगा 'मालक' होतो आणि त्याच्या बापाच्या वयाचा ऊसतोड्या 'अरे' होतो. फार दूर कशाला, आमच्या विभागातले शिपाई आमच्याहून वयाने वडील आहेत. ते आम्हांला 'सर' म्हणतात. आम्ही त्यांना एकेरी नावाने हाक मारतो. समतेवरची आमची व्याख्याने त्यांनीच आणून दिलेल्या चहावर चालतात.

इथे आमच्या विद्यार्थ्याचे भाषांतर पुन्हा आठवते. शब्द म्हणून 'आपण' चूकच. पण क्वेकरांनी वरच्याला खाली आणले, कारण त्यांच्यापुढे टोपी काढून घेणारे उभे होते. आमच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या न विचारता 'तू' झालेली माणसे उभी आहेत. त्यांना आणखी एक 'तू' देऊन समता येणार नाही. इथे 'अहो'च द्यावे लागेल. तेव्हा भाषांतर करायचे ते शब्दाचे नव्हे, त्या शब्दाने केलेल्या कृतीचे.

वाचकहो, मैत्रीवरची पुस्तके जरूर नेमा, चित्रपट जरूर दाखवा. मात्र तास संपल्यावर घंटा वाजवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणून हाक मारतो, हेही एकदा ऐका. आम्ही ऐकले आणि ओशाळलो. परवा प्रथमच 'अहो' म्हणालो, तेव्हा शिपाईमामांनी मागे वळून पाहिले: आणखी कुणाला हाक मारली की काय, म्हणून.