पणाच्या पैशावर संसार

एका एकत्र कुटुंबांतील वडील गृहस्थ लिहितात कीं, धाकट्या बंधूंचा मुलगा पदवीधर असून 'पूल' नांवाचा खेळ उत्तम खेळतो. नोकरी सोडून हाच व्यवसाय करावा आणि दोन वर्षें घरानें आपला खर्च चालवावा, असें त्याचें म्हणणें आहे. गृहस्थांचा प्रश्न एकच: यांत पोट भरतें काय?

ज्या घरांत हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द. बिलियर्डच्याच घराण्यांतला हा खेळ. कापड लावलेल्या मेजावर काठीनें पांढरा चेंडू मारून इतर चेंडू सहा खिशांत पाडावयाचे. त्याची वाढ मुख्यतः अमेरिकेंत झाली. नांव मात्र मूळचें खेळाचें नव्हे. अनेकांनीं मिळून जमविलेल्या पणाच्या रकमेस 'पूल' म्हणत. एकोणिसाव्या शतकांत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचे जे अड्डे होते, तेथें मधला वेळ जावा म्हणून हीं मेजें मांडलीं गेलीं आणि अड्ड्याचें नांव मेजांस चिकटलें. संस्कृतांतही 'पण' म्हणजे डावावर लावलेलें द्रव्य, 'पण' म्हणजे वेतन आणि 'पण' म्हणजे नाणेंही. पूल खेळणाराची सारी अडचण ही कीं, त्याच्या बाबतींत हे अर्थ अद्याप नीट वेगळे झालेले नाहींत.

क्रिकेटमध्यें पैसा बाहेरून येतो: प्रेक्षकांच्या तिकिटांतून, जाहिरातींतून, दूरचित्रवाणीकडून. पूलच्या पुष्कळ सामन्यांत तो खेळाडूंच्याच खिशांतून निघतो. समजा, 100 जणांनीं प्रत्येकीं 500 डॉलर प्रवेशशुल्क भरलें. जमले 50,000. पहिल्यास त्यांतले दहाबारा हजार, पुढील वीसपंचवीस जणांस उतरत्या भाजणीनें कांहीं. बाकीचे पाऊणशें रिकाम्या हातानें परत. विमानभाडें, खोली, जेवण हें सर्वांनाच लागलें. म्हणजे आंत आलेल्यापेक्षां बाहेर गेलेला पैसा अधिक! अशा हिशेबानें वाण्याचें दुकानही वर्षभर चालावयाचें नाहीं.

म्हणून तेथें पाठीराख्याची प्रथा आहे. तो खर्च करतो आणि जिंकलेल्यांत ठरलेला वांटा, पुष्कळदां निम्मा, घेतो. शिवाय सामन्यापूर्वीं खेळाडूंचा लिलाव होतो. ज्यानें ज्याला बोलीनें घेतलें तो जिंकल्यास जमलेल्या रकमेंतला मोठा वांटा त्या बोली करणाराला. या लिलावास अमेरिकेंत 'कलकत्ता' म्हणतात. आमच्या शहराचें नांव कशाला लागावें!

कौशल्य कमी पडतें असेंही नाहीं. विली मॉस्कोनी 1941 ते 1957 या काळांत पंधरा वेळां जगज्जेता झाला. 1954 सालीं ओहायो संस्थानांतील एका प्रयोगांत त्यानें एकही चूक न करितां 526 चेंडू ओळीनें पाडले. तरी त्याला मोठा आधार होता तो मेजें विकणाऱ्या ब्रन्सविक कंपनीचा. तिच्या वतीनें तो गांवोगांव खेळून दाखवी. 1996 सालीं डल्लास येथें लागोपाठ दहा डाव काढील त्यास दहा लक्ष डॉलर असें जाहीर झालें होतें. अर्ल स्ट्रिकलंडनें ते काढले. मग विमा कंपनी हरकती काढूं लागली, आणि प्रकरण तडजोडीवर आलें. 2006 सालीं रीनो येथें फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयीसनें 5 लक्ष डॉलरचें बक्षीस जिंकलें. या खेळाच्या स्पर्धेंत एवढें बक्षीस पूर्वीं कोणी जिंकलें नव्हतें. परंतु सामने भरविणाऱ्या संस्थेपाशीं तें ठरल्या वेळीं देण्याइतका पैसाच नव्हता. बक्षीस जिंकणें आणि तें हातीं पडणें, यांत असें अंतर पडूं शकतें!

अलीकडे दिवस कांहींसे पालटले, हेंही सांगितलें पाहिजे. 2024 सालीं सौदी अरबस्थानांत जेद्दा येथें नऊ चेंडूंच्या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. एकूण बक्षिसें 10 लक्ष डॉलरचीं, पैकीं अडीच लक्ष विजेत्यास. मात्र खेळाडू होते 128.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर बिलियर्डचें घ्यावें लागेल. पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स 1958 सालीं कलकत्त्यास जगज्जेते झाले, पण ती स्पर्धा हौशी खेळाडूंची. पुण्यांतच जन्मलेले पंकज अडवाणी यांनीं अनेक जागतिक विजय मिळविले आणि त्यांना तेल व नैसर्गिक वायू महामंडळांत नोकरीही मिळाली. पगार दरमहा येतो, मग चेंडू खिशांत पडो वा न पडो.

तेव्हां मुलानें नोकरी सोडूं नये. बिनपगारी रजा मिळत असल्यास घ्यावी. घरानें द्यावयाची रक्कम आधीं ठरवावी आणि तिच्यापलीकडे जाऊं नये. एक वही ठेवावी: एका बाजूस शुल्क, प्रवास, खोली, दुसऱ्या बाजूस हातांत पडलेलें बक्षीस. जाहीर झालेलें लिहूं नये.

आणखी एक. दोन वर्षांचा खर्च मागणें म्हणजे घरास पाठीराखा होण्यास सांगणें. अमेरिकेंतला पाठीराखा स्वतःचे पैसे लावतो. सामाईक तिजोरींत सर्वांचे असतात. गृहस्थांच्या पत्रांत त्यांचें, बंधूंचें व मुलाचें मत आहे. घरांतील स्त्रियांस विचारल्याचा उल्लेख नाहीं. महिन्याच्या खर्चांतून कांहीं रक्कम वजा झाली तर कोणती गोष्ट थांबते, दाराशीं येणारें दूध कीं एखाद्या मुलीची फी, हें त्यांना नेमकें ठाऊक असेल. त्यांचें म्हणणें ऐकून गृहस्थांनीं पुन्हां लिहावें.