माळवदाखालचे वाचन

मराठी समीक्षेत वाडा येतो तो बहुधा प्रतीक होऊनच. 'वाडा चिरेबंदी' शिकवताना एकत्र कुटुंबाचा ऱ्हास फळ्यावर लिहिला जातो. चिरा म्हणजे काय, हे मात्र वर्गात कुणी विचारत नाही. घराला निव्वळ रूपक मानणाऱ्या या वाचनाला आमचा विरोध आहे.

बीड जिल्ह्यातले शेतकऱ्याचे जुने घर पाहावे. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, म्हणजे माळवद. घराचे माप खणांत, उजेडाला छतात सवणे, धान्याला बळद. हा थर ऊन अडवतो, पण पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावीच लागते. त्यासाठी कित्येक गावांत पडक्या गढीचीच माती खणून नेली गेली. गढी अशी रयतेच्या छपरावर चढते, ही गोष्ट आमच्या ऱ्हासमीमांसेत कुठे आहे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे अशाच घरांखाली गाडली गेली. तेव्हापासून मातीचे घर म्हणजे मरण, हे समीकरण मराठवाड्यात रुजले. भीती खरी होती, निदान अपुरे होते. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग सांधणारे लांब दगड घातलेले नव्हते आणि माळवदावर मातीचा भार अतोनात होता. भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेली घरे तिथे होती. त्या सांगाड्यापासून शिकण्याऐवजी आपण पत्रा आणि स्लॅब यांनाच प्रगती मानले.

हे स्मरणरंजन नव्हे काय, असे कुणी विचारील. नव्हे. ढेलजेच्या पुढे कुणाला येऊ दिले जात नसे, हेही याच रचनेत नोंदलेले आहे. आणि ज्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे वर्षातले कित्येक महिने फडाशेजारच्या कोपीत काढतात, तिथे वाड्याचे हळवे गोडवे गाणे आम्हांला अशक्य आहे. ते गोडवे शहरी फार्महाऊसवाल्यांनी गावेत. मोडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब शोभेसाठी तेच विकत घेतात.

आमची मागणी साधी आहे. ग्रामीण कादंबरी शिकवताना विद्यार्थ्यांना आधी तिच्यातल्या घराचा नकाशा काढायला लावावा. चूल कुठे, गोठा कुठे, उंबऱ्याबाहेर कोण थांबले आणि माळवदावर माती कुणी वाहिली, हे त्यांनी त्यात दाखवावे. प्रतीकाची चर्चा त्यानंतर करू.