काच कुणाची, नाव कुणाचं?

बाईच्या हातच्या कामाचं कौतुक करायला आपला समाज कधी मागे नसतो. 'काय सुबक आहे! बायकांच्या बोटांतच कला असते,' असं म्हणत लोक वस्तू उचलतात, उलटी करून किंमत बघतात. ती बोटं कुणाची, हे मात्र कुणी विचारत नाही. मी महिला गटांच्या रोजगार प्रशिक्षणाचं काम करते. आमच्याकडे रंगीत काचकामाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा या कलेचा इतिहास वाचला. त्यातून मनात जे आलं ते मैत्रिणींपुढे मांडते आहे.

काचेचे रंगीत तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची आणि डाख देऊन ते जोडायचे. या पद्धतीला आज सर्रास 'टिफनी पद्धत' म्हणतात. न्यूयॉर्कच्या लुईस कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्यातले फुलांचे, वेलींचे, चतुरांचे दिवे जगप्रसिद्ध आहेत. पण ते केले कुणी?

१८९२ मध्ये काचकाम करणारे पुरुष कामगार संपावर गेले. शिकागोचं जागतिक प्रदर्शन तोंडावर होतं. मग टिफनींनी काच कापण्यासाठी बायकांचा वेगळा विभाग काढला. तिथे सहा जणी होत्या, दोनच वर्षांत ३५ झाल्या. म्हणजे कारखान्याचं दार बायकांसाठी उघडलं ते अडचणीपोटी. या विभागाची प्रमुख होती ओहायोहून आलेली क्लारा ड्रिस्कॉल. विस्टेरियाच्या जांभळ्या घोसांचा दिवा तिच्या कल्पनेतला, चतुरांचा दिवाही तिचाच. विस्टेरियाच्या एका दिव्यात काचेचे जवळपास २००० तुकडे असतात. हे रंग वरून फासलेले नसतात, काचेतच असतात. त्यामुळे पानाची शीर कुठे उमटेल, पाकळी कडेला कुठे फिकट होईल, हे काचेच्या कोणत्या भागातून तुकडा कापला यावर ठरतं. हा निर्णय त्या बायका घेत. डाख द्यायचं काम मात्र पुरुषांकडे होतं.

बायकांना रंगांची जाण उपजतच जास्त असते आणि त्यांची बोटं चपळ असतात, असं टिफनींचं मत होतं. हे कौतुक आपल्या ओळखीचं आहे. जे शिकून, डोळे शिणवून मिळवलं ते 'उपजत' ठरलं की त्याचा मोबदला वेगळा द्यावा लागत नाही. त्या कारखान्यात लग्न झालेल्या बाईला कामच नव्हतं. क्लारा पहिल्या लग्नासाठी १८८९ मध्ये बाहेर पडली, नवरा गेल्यावर परतली आणि १९०९ मध्ये दुसऱ्या लग्नासाठी कायमची बाहेर पडली. कामगार संघटना पुरुषांची. १९०३ मध्ये तिने बायकांच्या विभागालाच हरकत घेतली. तडजोडीत विभाग वाचला, पण बायकांची संख्या २७ वर बांधली गेली. मालक आणि संघटना एरवी एकमेकांशी भांडत, पण बाईला चौकटीत ठेवण्यावर त्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही.

चतुरांच्या दिव्याला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळालं. पुढे वर्तमानपत्रातही क्लाराचं नाव आलं. पण दिव्यावर शिक्का टिफनींचा, आणि लोकांच्या लक्षात राहतो तो शिक्का. क्लाराने घरी लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली, तेव्हा कुठे २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिच्या आणि तिच्या सहकारी बायकांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. तिला जाऊन तोवर ६३ वर्षं झाली होती.

हे दूरदेशीचं, जुनं असं कुणी म्हणेल. पण मुंबईतल्या एका औषध कंपनीत लग्न झालं की बाईची नोकरी आपोआप संपे. तो नियम गैर आहे असं सर्वोच्च न्यायालयाला १९६५ मध्ये सांगावं लागलं. आणि आज? आमच्या गटातल्या बायका जास्वंद, बहावा, केळीचं पान समोर ठेवून स्वतः नमुने काढतात. शहरातलं एक दुकान ते विकतं, चिठ्ठी दुकानाची लावून. मी विचारलं तर उत्तर आलं, 'बाजारपेठ आम्ही देतो ना!' गटातल्या एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, 'ताई, नावाचं काय घेऊन बसलात, ऑर्डर जायला नको.' तिची भीती खोटी नाही. तिच्या घरी महिन्याचं भाडं त्या पैशांतून जातं. म्हणूनच हा प्रश्न एकेकटीवर सोडता येणार नाही.

नाव ही मिरवायची हौस नाही. नाव असेल तर पुढचं गिऱ्हाईक थेट येतं, दर ठरवताना तोंड उघडता येतं. 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण ऐकतो. इथे डाखाचं कथील हाती आहेच, सोनूबाई हे नावही नाही! काम दहा जणींचं, मग नाव कुणाचं, असाही आक्षेप येतो. गटाचं नाव द्या आणि नमुना काढणारीचंही द्या. सिनेमाला शंभर जणांची नावं देता येतात, तर दिव्याला का नाहीत?

कायदाही आपण वाचायला हवा. नोकरीत केलेल्या कलाकृतीचा मालकीहक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाकडे जातो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकला तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार उरतो. वस्तूंचे नमुने आणि त्यांचं उत्पादन यांना वेगळे नियमही लागू होतात, तेव्हा वकील मैत्रिणीला आधी विचारावं.

रोजगार प्रशिक्षण देणाऱ्या आपल्या संस्थांनीही स्वतःकडे बघायला हवं. आपण बायकांना हात चालवायला शिकवतो, हिशोब आणि करार मात्र कार्यालयात ठेवतो. प्रत्येक नमुन्याची तारीख घातलेली प्रत गटाकडे राहावी. नमुना काढण्यात गेलेले तास मजुरीत धरले जावेत. डाखातल्या शिशापासून जपण्यासाठी हवेशीर जागा, हात धुण्याची सोय आणि जमेल तिथे शिसं नसलेला डाख, हा खर्च किमतीत धरावा, बाईच्या तब्येतीवर टाकू नये. आणि चिठ्ठीवर नाव हवं, ही अट एका गटाने घातली तर दुकानदार दुसऱ्या गटाकडे जाईल. सगळ्या गटांनी मिळून घातली तर तो जाणार कुठे?