जलसमाधीचे उत्तरदायित्व

समुद्राने परत न दिलेल्या माणसांचे दुःख सातपाटी-तारापूरच्या कोळीवाड्यांना सांगावे लागत नाही; शासनाला मात्र सांगावे लागते. मुंबईहून आफ्रिकेस निघालेले ‘तिलावा’ जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी सेशेल्सच्या ईशान्येस जपानी पाणबुडीने बुडविले. त्यावरील ९५८ पैकी २८० जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. जहाज ब्रिटिश कंपनीचे, सागर परका. मग त्या अवशेषांचे रक्षण कोणी करावयाचे?

जावा समुद्रात १९४२ सालीच बुडालेल्या डच युद्धनौका तळावरून नाहीशा झाल्याचे २०१६ मध्ये आढळले. नेदरलँड्सने हात झटकले नाहीत. इंडोनेशियाशी बोलणी करून संयुक्त तपास केला. भारताची स्थिती काय? शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांशी ऐतिहासिक नाते असणाऱ्या सदस्य राष्ट्रास त्यांच्या रक्षणात सहभागी होण्याचा हक्क युनेस्कोच्या २००१ च्या कराराने दिला आहे. भारताने तो करार स्वीकारलेलाच नाही!

‘तिलावा’च्या जलसमाधीस २०४२ मध्ये शंभर वर्षे होतील. त्यापूर्वी भारताने कराराचे सदस्य व्हावे. पितरांचे तर्पण न विसरणाऱ्या समाजाच्या शासनाने सागरतळीच्या पितरांना बेवारस ठेवणे शोभत नाही.