बाबासाहेब कोणत्या कपाटात?

तुमच्या गावच्या वाचनालयात बाबासाहेब कोणत्या कपाटात आहेत? वाचकहो, हा प्रश्न आम्ही गमतीने विचारत नाही. उद्या सवड काढून जा आणि बघा. बहुतेक ठिकाणी दाराच्या मागे किंवा जिन्याखाली एक कपाट सापडेल. त्यावर कागदाची चिठ्ठी डकवलेली असेल, 'दलित साहित्य'. किल्ली ग्रंथपालाकडे, आणि ग्रंथपाल चहाला गेलेला! त्या एका कपाटात बाबासाहेब, जोतीराव, 'बलुतं', बुद्धचरित्रे आणि जयंतीच्या स्मरणिका एकमेकांच्या अंगावर पडलेल्या. अण्णाभाऊंची 'फकिरा' ही कादंबरी. तिला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. पण कादंबऱ्यांच्या कपाटात ती नाही, ती इथे.

आम्ही तालुक्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहोत. ग्रंथपाल म्हटले की लोकांना वाटते, हा बसून पुस्तके वाचत असेल. खरे सांगायचे तर पुस्तक वाचायला वेळच मिळत नाही. सकाळी कुलूप काढायचे, वर्तमानपत्रे काठीला लावायची, कालची घडी घालून फायलीत ठेवायची. मग देवघेव, वर्गणीच्या पावत्या, दाखल नोंदवहीत नवी पुस्तके चढवणे, वाळवी लागलेली बाजूला काढणे. तपासणी आली की महिनाभर नुसते कागद. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरे सकाळपासून बसलेली असतात. त्यातली निम्मी आमच्या वस्त्यांमधली. घरी दिवा आहे, पण बसायला कोपरा नाही.

आणि पगार? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. राज्यात शासनमान्य वाचनालये अकरा-बारा हजारांच्या घरात. त्यांत गावोगावच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार अनुदान मिळायचे, २०२२ साली ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजारांवर गेले. त्यातले निम्मे वेतनावर खर्चायचे. म्हणजे वर्षाला २४ हजार, महिन्याला २ हजार रुपये! एवढ्यात वीटभट्टीवरचा माणूस आठवडाभर तरी थांबेल का? तो ग्रंथपाल मग दुपारी दुसऱ्याच्या दुकानात बसतो, आणि आपण म्हणतो, वाचनालय बंद असते. पै समितीपासून पत्की समितीपर्यंत अहवाल झाले, प्रत्येक अधिवेशनात वेतनश्रेणीचा ठराव होतो. तो ठराव आम्हाला आता पाठ झाला आहे.

असेच एक अधिवेशन नुकतेच झाले, त्याला आम्ही गेलो होतो. रात्रभराचा एसटीचा प्रवास, पहाटे स्टँडवर तोंड धुतले आणि मंडपात हजर. उद्घाटक दोन तास उशिरा आले. मंचावर सरस्वतीची तसबीर, हार, समई. शेजारी सावित्रीबाई असतील म्हणून आम्ही मान उंच करून पाहिले. नव्हत्या. ज्या माउलीने शेण-चिखल झेलून अक्षर दिले तिला पुस्तकांच्या मेळाव्यात खुर्ची नाही!

दुपारच्या सत्रात वर्गीकरणावर व्याख्यान होते. वक्त्यांनी ड्युई पद्धत सुरेख समजावली, डॉ. रंगनाथन यांची १९३१ ची पंचसूत्रीही सांगितली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आम्ही उठलो आणि विचारले, "साहेब, या पद्धतीप्रमाणे 'दलित साहित्य' असे कपाट कुठल्या क्रमांकाचे?"

प्रश्न सरळ होता. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा ग्रंथ चलनावरचा, तो अर्थशास्त्रात ३३२ ला जायला हवा. घटनेवरचे लेखन ३४२ ला. 'जातिप्रथेचे निर्मूलन' ३०५.५ ला, समाजशास्त्रात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' २९४.३ ला. म्हणजे ड्युईच्या हिशेबाने बाबासाहेब अख्ख्या ग्रंथालयात पसरलेले आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते वाटेत भेटायला हवेत, वकिलालाही भेटायला हवेत. आपण मात्र त्यांना एका कपाटात कोंडून कुलूप लावले. कॉमर्सचा पोरगा तीन वर्षे ३३२ चे कपाट चाळतो, आणि भारतीय रुपयावर एका आंबेडकराने लंडनला डॉक्टरेट मिळवली हे त्याला कळतच नाही. दोष त्या पोराचा का?

अध्यक्षस्थानावरून उत्तर आले, "ग्रंथालयात जात आणू नका." सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही खाली बसलो. चिठ्ठी कोणी चिकटवली, हे विचारायचे राहूनच गेले.

ज्या ड्युईच्या नावाने टाळ्या पडल्या त्याचीही थोडी कथा ऐका. मेल्विल ड्युई हा अमेरिकेचा. त्याच्या पद्धतीत धर्माला २०० ते २९९ अशी शंभर घरे आहेत. त्यातली बहुतेक ख्रिस्ती धर्माला, आणि जगातल्या बाकी सगळ्या धर्मांना २९० चे एक दशक. म्हणून आमचा बुद्ध दशांश चिन्हाच्या पलीकडे, आणि २९४ च्या त्याच गल्लीत मनुस्मृतीही. या ड्युईच्या क्लबात ज्यू लोकांना प्रवेश नव्हता. त्यावरून तक्रारी झाल्या आणि १९०५ साली त्याला न्यूयॉर्क राज्याचे ग्रंथपालपद सोडावे लागले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या पदकावरून त्याचे नाव काढून टाकले. पद्धत ठेवली, नाव काढले. आपल्याकडे असा ठराव मांडला असता तर?

त्याच अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात, २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच काळे तरुण गोऱ्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले. कार्ड मागितले, नाकारले गेले. त्यांनी कपाटातून एकेक पुस्तक घेतले आणि निरनिराळ्या टेबलांवर बसून वाचू लागले. पोलीस बोलावले गेले, अटक झाली. गुन्हा काय, तर पुस्तक वाचले! हा बेत आखला होता सॅम्युएल टकर या तरुण काळ्या वकिलाने. यावर शहराने तोडगा काढला तो असा की, १९४० साली काळ्यांसाठी वेगळे छोटे ग्रंथालय बांधून दिले. टकर यांनी त्या वेगळ्या ग्रंथालयाचे कार्ड घ्यायला साफ नकार दिला. २० मार्च १९२७ ला महाडला गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हा नकार समजावून सांगायची गरज पडली नसती. वेगळा पाणवठा त्यांनाही मिळू शकत होता. त्यांना त्याच तळ्याचे पाणी हवे होते.

आता वाचनालयातल्या राजकारणाकडे येऊ. ते टेबलावरच्या पेपरांतून रोज सकाळी आत येते. डिसेंबर २०२४ आठवा. १० तारखेला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. धरपकड झाली, आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला. दोनच दिवसांनी राज्यसभेत देशाचे गृहमंत्री म्हणाले की, आंबेडकर आंबेडकर म्हणणे ही आता फॅशन झाली आहे. एवढे देवाचे नाव घेतले असते तर स्वर्ग मिळाला असता. त्या आठवड्यात आमच्या अभ्यासिकेत कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पण देवघेवीच्या टेबलावर संविधानाची मागणी वाढली. प्रती दोन, मागणारे वीस. कायदा शिकणारा एक पोरगा प्रत घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत करताना म्हणाला, "सर, अटकेचं कलम २२ आहे, चोवीस तासांचं. तिथं कुणी वाचलं नव्हतं का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

आमच्याच लोकांशीही आमचा वाद झाला आहे, तो लपवणार नाही. मे २०२४ मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक आला आणि राज्यभर संताप उसळला. तो रास्तच होता. त्या दिवसांत आपले काही तरुण कार्यकर्ते वाचनालयात आले. म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः जयभीमवाले, आणि तुमच्या कपाटात मनुस्मृती? काढून टाका." आम्ही काढली नाही. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी ती जाळली, ती न वाचता जाळली नव्हती. तिच्यातली वचने त्यांच्या ग्रंथांतून पानोपानी येतात. शाळेच्या पोराला ती आदर्श म्हणून शिकवणे वेगळे आणि ग्रंथालयात ती पुरावा म्हणून असणे वेगळे. पोरे नाराज होऊन गेली. त्यातला एक नंतर परत आला आणि वाचायला घेऊन गेला. कपाट रिकामे करायची सवय एकदा लागली की पुढचा हात आपल्याच पुस्तकांवर पडतो.

तो हात काही कल्पनेतला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार रद्द केला, निवड समितीही मोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने एका आदेशाने २५ पुस्तके जप्त ठरवली. आणि जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातल्या 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्दही येतात. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, वाचनालयांवर नाही, असे सांगितले जाते. मान्य. पण २ हजार रुपयांचा ग्रंथपाल कायद्याचा खल करत बसत नाही. तो नवीन पुस्तकांची यादी करताना दोन नावे आपणहून गाळतो. बंदीचा हुकूम निघतच नाही आणि पुस्तक येतही नाही. कुठेही नोंद नाही!

बाबासाहेबांच्या पुस्तकांचेच बघा ना. वसंत मून यांनी जीव ओतून संपादित केलेल्या शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ ला निघाला. चौथ्या खंडातल्या 'रिडल्स'वरून १९८७-८८ मध्ये रान पेटवले गेले, तेव्हा आपला समाज लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरला म्हणून तो खंड वाचला. आणि पुढे? मागणी प्रचंड, आणि खंड मिळत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये वर्तमानपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून या रखडलेल्या छपाईची दखल घ्यावी लागली. आमच्याकडे वाचक येतो, खंडाचा क्रमांक सांगतो, आम्ही म्हणतो, "नाही." जे पुस्तक कपाटात येऊच दिले नाही, त्याच्यावर बंदी कशाला घालायची?

म्हणून आमचे खरे अधिवेशन ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर भरते. तिथे कोणी ठराव मांडत नाही. शेतमजूर बाई पदराची गाठ सोडून पुस्तक घेते, आणि ते स्वतःला वाचता येत नसले तर नातीसाठी घेते. आम्ही दरवर्षी वाचनालयासाठी एक पिशवी भरून आणतो. पावती मिळेलच असे नाही, त्यामुळे ती पुस्तके अनुदानाच्या हिशेबात बसत नाहीत. दाखल नोंदवहीत देणगी म्हणून चढवतो.

अधिवेशनाहून परतल्यावर आम्ही कपाटाची किल्ली घेतली आणि चार संध्याकाळी खपून सगळी पुस्तके काढली. 'फकिरा' कादंबऱ्यांत गेली. रुपयावरचा ग्रंथ ३३२ ला, बँकिंगच्या गाइडांच्या शेजारी. 'बलुतं' आत्मचरित्रांत. चिठ्ठी काढली, तर तिच्याखाली आणखी एक जुनी चिठ्ठी निघाली, 'हरिजन वाङ्मय'. तीही खरवडली. दुसऱ्याच आठवड्यात आमच्याच वस्तीतले एक ज्येष्ठ आले आणि रागावले, "अरे, आपलं कपाट होतं, तेवढंही मोडलंस? आता आमचं पुस्तक शोधायचं कुठं?" त्यांचाही मुद्दा खोटा नाही, त्या कपाटासाठी त्यांनी वीस वर्षांपूर्वी समितीशी भांडण केले होते. त्यांना आम्ही विषयवार यादी करून दिली आहे, दारापाशी टांगली आहे.

समितीला मात्र हे पसंत पडलेले नाही. येत्या रविवारी बैठक आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय अनुदानाचा थकलेला हप्ता आणि दुसरा 'ग्रंथपालाने परस्पर केलेली कपाटांची फेरमांडणी'. ज्येष्ठांनाही बोलावले आहे, आणि ते यादी हातात घेऊन येतो म्हणाले आहेत.