हप्ता आमचाच, मग मदत कसली?



कोरोनाकाळात सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात घरबसल्या पैसे टाकले आणि तेव्हापासून त्यांना फुकटची सवय लागली, अशा आशयाचे पत्र या आठवड्यात वाचले. पत्रलेखक पगारदार असावेत असे धरून विचारतो: एक तारखेचा पगार दिवाळीमुळे पंचवीसलाच झाला, तर त्याला ते बोनस म्हणतात का?

केंद्राच्या २६ मार्च २०२० च्या १.७० लाख कोटींच्या पॅकेजमध्ये शेतकऱ्याच्या नावावर दाखवलेले दोन हजार म्हणजे पीएम-किसानचा एप्रिल ते जुलैचा हप्ता. तो तसाही येणारच होता, एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडला इतकेच. मग ऑगस्टचा आला, डिसेंबरचा आला. वर्षाच्या सहा हजारांचे आठ हजार झाले नाहीत. टाळेबंदी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती तेव्हा, १ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पात या योजनेसाठी ७५ हजार कोटी धरले होते. सुधारित अंदाजात त्याचे ६५ हजार कोटी झाले. साथीच्या वर्षी मदत दहा हजार कोटींनी कमी होते, ही कुठली तऱ्हा? धरलेले पैसेसुद्धा पुरते वाटले नाहीत आणि वर उपकाराची भाषा!

त्या दिवसांत आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम चालू होता. सौदा करून गेलेले व्यापारी फोन उचलेनात. माल वेलीवर ठेवावा तर खरड छाटणी लांबते, आणि ती लांबली की पुढच्या वर्षीचे पीकही धोक्यात. शेवटी कुणी घड तोडून बांधावर ओतले, कुणी मिळेल त्या शेडवर नेऊन बेदाणा केला. दोन हजारांत एकराच्या छाटणीची मजुरीसुद्धा भागत नाही, हे पत्रलेखकांनी कोणत्याही बागायतदाराला विचारावे. जो दुसऱ्याचे रान वाट्याने करतो, त्याचे तर सातबाऱ्यावर नावच नाही. त्याला तेवढेही नाहीत. राज्याने तेव्हा जादाचे दूध विकत घेऊन भुकटी केली, त्याला मात्र मी मदत म्हणेन. नुकसान कुठे होते आहे ते पाहून तिथे पैसा घातला होता.

कोरोनाच्या नावाने काय दिले हे वारंवार सांगितले जाते, तर काय अडवले तेही छापा. नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन, ही घोषणा राज्याच्या मार्च २०२० च्या अर्थसंकल्पातली. साथ आली, तिजोरीत खडखडाट आहे असे सांगून ती बाजूला पडली आणि पैसे खात्यावर पडायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. घरातले सोने गहाण ठेवून ३१ मार्चच्या आत सोसायटीचे कर्ज भरणारे तोवर गावात चेष्टेचा विषय झाले होते. या अडीच वर्षांच्या उशिराबद्दल कोणत्याही पक्षाचा पुढारी बोलत नाही, कारण त्या काळात सत्तेत सगळेच बसून गेले.

वाचकांना एवढेच सांगणे, की कोरोनातल्या मदतीचा आकडा यापुढे कोणी मंचावरून सांगू लागला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा: त्या वर्षी तरतूद किती होती आणि वाटले किती?

– एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली